शिखर शिंगणापूर आणि नीरेचे उत्तर खोरे : एका स्थलनामाचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेले बारामती व इंदापूर हे दोन तालुके भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यान पसरलेले आहेत. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकास नीरा-नरसिंहपूर येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो आणि तेथेच या भूभागाची निसर्गनिर्मित सीमा संपते. बारामतीच्या पश्चिमेस व उत्तरेस माळरानाचे काही उंचवटे आहेत. परंतु ज्यास मराठीत निःशंकपणे डोंगर म्हणता येईल असे या प्रदेशात जवळजवळ काही नाही. येथील गावांची नावे पाहिली तरी हेच दिसते. निमगाव, वडगाव, कळंब, पळसदेव ही नावे वृक्षांवरून पडलेली आहेत. नीरावागज, नीरा-नरसिंहपूर ही नदीच्या आधाराने उभी आहेत. माळेगावासारखे नाव भूमीचे वर्णन करते, पण ते वर्णन माळाचे आहे, डोंगराचे नाही. अशा या सपाटीच्या मुलखाचे दैवत, त्याच्या वार्षिक यात्रेचे ठिकाण आणि त्याच्या क्षितिजावरील प्रमुख खूण मात्र एक खडकाळ शिखर आहे, आणि ते नदीपलीकडे, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. त्या शिखराच्या नावाचा आणि नीरेच्या अलीकडील मुलखाशी असलेल्या त्याच्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या संबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही, आणि त्याचे एक कारण अगदी साधे आहे. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर जिल्हावार निघाले. सोलापूरचा खंड १८८४ मध्ये आणि पुणे व सातारा हे दोन खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. शिखर साताऱ्याच्या खंडात पडले, त्याच्या उत्तर पायथ्याचा माळशिरसचा मुलूख सोलापूरच्या खंडात गेला आणि तेथे जाणारे यात्रेकरू पुण्याच्या खंडात राहिले. नंतरच्या लेखकांनी हीच विभागणी मुकाट्याने स्वीकारली. जिल्ह्याची सीमा ही कारभाराची सोय आहे. ती जेव्हा इतिहासाचीही सीमा होऊन बसते, तेव्हा एकाच विषयाची चौकशी तीन कपाटांत विखुरली जाते.

प्रथम भूमीचे स्वरूप. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून रायरेश्वराच्या परिसरात एक फाटा निघतो आणि आग्नेयेकडे माण-खटावच्या मुलखातून पुढे जातो. याच फाट्यास भूगोलाच्या पुस्तकांत ‘शंभुमहादेवाची रांग’ किंवा ‘महादेवाचे डोंगर’ असे म्हणतात. याचे उत्तर उतार नीरेच्या खोऱ्यात येतात. दक्षिणेकडे माण व येरळा या नद्या उगम पावतात. त्यांपैकी माण भीमेस आणि येरळा कृष्णेस मिळते. दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारा थरांचा काळा कातळ येथेही आहे. लाव्हाचे कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि मधले मऊ थर झिजून उतार झाले. त्यामुळे माथे सपाट, कडे तुटलेले आणि उतार मुरमाड असे डोंगर तयार झाले. शिंगणापूरचा माथा समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून अधिक उंच आहे. बारामतीची उंची सुमारे १,८०० फूट असल्याने खालच्या सपाटीवरून तो त्याच्या खऱ्या उंचीपेक्षा अधिक ठळक दिसतो. बारामतीपासून सरळ रेषेत हे अंतर सुमारे वीस मैल, आणि इंदापूरपासून सुमारे तीस मैल भरते.

या रांगेच्या नावाविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यावर व तिच्या फाट्यांवर संतोषगड, वारूगड, महिमानगड, वर्धनगड असे किल्ले आहेत. राजकीय दृष्टीने त्यांचे महत्त्व मोठे होते. तरीही रांगेस नाव मिळाले ते किल्ल्याचे नव्हे, तर एका देवस्थानाचे. पर्वताच्या एका माथ्यावरील देव संपूर्ण रांगेचा धनी झाला. असे नामकरण वरून, म्हणजे सरकारी नकाशातून, होत नाही. खालच्या मुलखातून त्या डोंगराकडे पाहणारे लोक त्यास ज्या नावाने ओळखतात, तेच नाव नकाशा करणारा टिपून घेतो. ‘महादेवाचा डोंगर’ हे नाव शिखरावर राहणाऱ्यांचे नाही. ते डोंगर दुरून पाहणाऱ्यांनी ठेवलेले आहे, आणि त्यात नीरेच्या उत्तरेकडील लोकांचा वाटा मोठा असला पाहिजे.

आता गावाच्या नावाकडे वळू. ‘शिखर शिंगणापूर’ या नावात दोन घटक आहेत. त्यांपैकी ‘शिखर’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. परंतु या प्रदेशात तो सामान्यनाम न राहता विशेषनाम झाला आहे. बारामती-इंदापूरकडील माणूस ‘शिखरला जातो’ असे म्हणतो, तेव्हा कोणत्या शिखरास असे त्यास विचारावे लागत नाही. या शब्दाचे तीन अर्थ येथे एकत्र आले आहेत : पर्वताचा माथा, देवळाचे शिखर आणि हे विशिष्ट तीर्थ. दुरून पाहताना डोंगराच्या टोकावर देवळाचे शिखर हे एकच रूप डोळ्यांस दिसते, त्यामुळे हे अर्थ परस्परांत मिसळणे स्वाभाविक होते.

दुसरा घटक अधिक अवघड आहे. ‘शिंगणापूर’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक अशी की, देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या नावावरून गावास सिंघणपूर हे नाव पडले व त्याचे पुढे शिंगणापूर झाले. यादव वंशात सिंघण नावाचे एकाहून अधिक पुरुष झाले. येथे अभिप्रेत आहे तो सुमारे १२१० ते १२४७ या काळात राज्य करणारा प्रबळ राजा, ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाचा आश्रयदाता. दुसरी व्युत्पत्ती संस्कृत ‘शृंग’ म्हणजे पर्वताचे टोक या शब्दापासून. ‘शृंगणापूर’ असे शुद्धीकृत रूपही कधी कधी लिहिलेले आढळते.

ध्वनिनियमांच्या कसोटीवर दोन्ही व्युत्पत्ती उतरतात, हीच येथील अडचण आहे. मराठीत इकारापूर्वीचा स तालव्य होतो : सीमा या शब्दापासून शीव, सिक्थ यापासून भाताचे शीत, सीव् धातूपासून शिवणे. तेव्हा ‘सिंघण’मधील ‘सि’चा ‘शि’ होणे नियमास धरूनच आहे. शब्दाच्या मध्ये किंवा अंती येणारा महाप्राण मराठीत अनेकदा अल्पप्राण होतो, हे झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात सविस्तर दाखविले आहे : प्राकृत हत्थ–हात, भुक्ख–भूक, सिक्ख–शिकणे. अनुनासिकानंतरही हे घडते. संध्या, प्राकृत संझा, मराठी सांज. म्हणून ‘ंघ’चा ‘ंग’ होण्यासही आडकाठी नाही. दुसऱ्या बाजूने शृंग, प्राकृत सिंग, मराठी शिंग ही परंपरा तर शाळेतील मुलासही ठाऊक असते. दोन वेगळ्या वाटा एकाच रूपाशी येऊन थांबल्या आहेत, आणि केवळ ध्वनींच्या साक्षीने निकाल लागत नाही.

अशा वेळी नावाची घडण पाहावी लागते. ‘पूर’ या उत्तरपदापूर्वी ‘आ’ येणे हा या प्रदेशातील परिचित प्रकार आहे : कोल्हापूर, सोलापूर आणि आपले इंदापूर. इंदापूरचा संबंध तेथील इंद्रेश्वराच्या देवस्थानाशी जोडला जातो. ‘इंद्र’चे ‘इंद’ होणे प्राकृतास धरून आहे आणि मधला ‘आ’ पूरपदामुळे आला आहे. शिंगणापूरमधील ‘आ’ हा त्याच जातीचा. तो वेगळा काढला की मूळ पद ‘शिंगण’ उरते. येथे शृंगवादी मत अडते. शृंगापासून ‘शिंग’ होईल, ‘शिंगी’ होईल; पण माथा किंवा सुळका या अर्थी ‘शिंगण’ हा शब्द मराठीत नाही, आणि अंत्य ‘ण’ कोठून आला हे सांगता येत नाही. सिंघणवादी मतात ‘ण’ मूळ नावातच आहे.

दुसरा पुरावा मला अधिक निर्णायक वाटतो. शिंगणापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनी-शिंगणापूर सर्वांस परिचित आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी आणखी एक शिंगणापूर आहे. यांपैकी पहिले सपाटीवर वसलेले आहे आणि दुसरे नदीकाठी. या दोन्ही ठिकाणी डोंगराच्या शृंगाचे काही कारण नाही. उलट ही तिन्ही गावे सिंघणाच्या राज्यात मोडत होती. कोल्हापूरचा मुलूख तर त्याने शिलाहार भोजाचा पन्हाळ्यावर पराभव करून यादवांच्या सत्तेखाली आणला. तीन गावांची नावे तीन निरनिराळ्या कारणांनी योगायोगाने एकसारखी झाली असे म्हणणे अशक्य नाही. परंतु एकाच कारणाने सर्वांचा उलगडा होत असता तीन कारणे शोधणे शास्त्रीय नव्हे. ‘शृंगणापूर’ हे रूप पंडितांनी मागाहून घडविले असे मानावे लागते. डोंगर समोर दिसत होता आणि शब्दात ‘शिंग’ ऐकू येत होते; एवढ्यावर ते तयार झाले.

मात्र या व्युत्पत्तीवरून किती अनुमान काढावे याचे भान ठेवले पाहिजे. सिंघणाचे नाव गावास पडले म्हणून सिंघण स्वतः तेथे आला, त्याने देऊळ बांधले, त्याने गाव वसविले असे सिद्ध होत नाही. राजाच्या नावाने त्याचा अधिकारी गाव वसवू शकतो, इनामदार वसवू शकतो. स्थलनाम काळ सांगते. राजाची हजेरी सांगत नाही. राजवाडे यांनी स्थलनामे ही इतिहासाची साधने मानली ते योग्यच होते. परंतु त्यांच्यानंतर अनेकांनी साधन आणि सिद्धान्त यांतील अंतर पुसून टाकले आहे.

यादवकाळानंतर या शिखराचा इतिहास पुन्हा स्पष्ट होतो तो भोसले घराण्याच्या संदर्भात, आणि येथेच भीमा-नीरेचा मुलूख थेट पुढे येतो. भोसल्यांची पाटिलकी भीमेच्या काठी हिंगणी, बेरडी, देऊळगाव या भागात होती. मालोजीराजे यांना निजामशाहीकडून पुणे व सुपे या परगण्यांचा मोकासा मिळाल्याचे सांगितले जाते. यातील सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मालोजीराजांची पत्नी नीरेच्या दक्षिणेस असलेल्या फलटणच्या निंबाळकर घराण्यातील होती. म्हणजे घर भीमेकाठी, सोयरीक नीरेपलीकडे आणि कुलदैवत त्याही पुढच्या डोंगरावर, अशी ही मांडणी आहे. नीरा ही या कुटुंबाच्या व्यवहारात सीमा नव्हती. ती मध्ये लागणारी नदी होती.

कवींद्र परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या मांडणीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. शिवाजीमहाराजांच्या हयातीत रचला गेलेला हा ग्रंथ स. म. दिवेकर यांनी संपादित केला आणि तो १९२७ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. आरंभीच्या अध्यायांत मालोजीराजांचे वर्णन करताना परमानंद दोन गोष्टी सांगतो. मालोजीराजांनी शंभुमहादेवाच्या डोंगरावर मोठे तळे बांधले, ही एक. निजामशहाच्या आज्ञेवरून ते इंदापूरच्या मोहिमेवर गेले व तेथे युद्धात मारले गेले, ही दुसरी. शिखर आणि इंदापूर ही दोन ठिकाणे अशा रीतीने एकाच पुरुषाच्या चरित्रात, एकाच ग्रंथात येतात. इंदापुरास मालोजीराजांचे स्मारक दाखविले जाते. त्यांच्या मृत्यूच्या सालाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. काही जण ते सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी धरतात, तर काही १६२० च्या सुमारास. त्या वेळी शहाजीराजे पाच वर्षांचे होते असे परमानंद म्हणतो, आणि पहिले मत मुख्यतः त्यावरच आधारलेले आहे. (परमानंद मूळचा नेवाशाचा, आणि नेवासे शनी-शिंगणापूरच्या जवळ आहे. शंभुमहादेवाविषयी लिहिताना त्यास आपल्या गावाजवळचे दुसरे शिंगणापूर आठवले असेल काय, हा प्रश्न इतिहासाचा नसला तरी मनात आल्यावाचून राहत नाही.)

या तळ्याचे महत्त्व धार्मिक पुण्यापुरते नाही. शिखराची मुख्य यात्रा चैत्रात भरते. हा मुलूख पर्जन्यछायेतील. बारामती-इंदापूर भागात वर्षास सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि माणदेशाची अवस्था त्याहून बरी नाही. चैत्र म्हणजे पावसापासून सर्वांत दूरचा काळ. विहिरींनी तळ गाठलेला, ओढे कोरडे. अशा वेळी कातळाच्या डोंगरावर हजारो माणसे व जनावरे जमत. तेथे झरा नव्हे, साठवण हवी होती. थरांच्या कातळात पाणी खोल मुरत नाही, ते उतारावरून वाहून जाते. म्हणून घळीस बांध घालून ते अडविणे हाच मार्ग होता. मालोजीराजांनी तेच केले. सतराव्या शतकाच्या आरंभी एका सरदाराने आपल्या मोकाशाबाहेरच्या डोंगरावर एवढे मोठे काम का हाती घ्यावे, असा प्रश्न पडतो. कुलदैवताची भक्ती हे उत्तर खरेच आहे. परंतु हेही विसरून चालणार नाही की, भीमा-नीरेच्या खोऱ्यातील ज्या लोकांवर त्यास वजन मिळवावयाचे होते, ते सर्व वर्षातून एकदा याच ठिकाणी जमत असत. तळ्याचे पाणी ज्याचे, त्याचे नाव प्रत्येक यात्रेकरू गावी घेऊन जाई. पुढेही या घराण्याने शिखराचा संबंध तोडला नाही. भोसले घराण्यातील पुरुषांची स्मारके तेथे आहेत.

भोसले व शिखर यांच्या संबंधास रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात (२००१) फार मागे नेले आहे. त्यांच्या मते शंभुमहादेवाची स्थापना करणारा बळिप हा पुरुष दक्षिणेतून, सोरटूर येथून आलेला, होयसळ वंशाशी संबंधित होता; शंभुमहादेव हा श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचा अवतार, आणि ‘भोसले’ हे नाव ‘होयसळ’ या नावाचेच रूपांतर. ढेरे यांच्या ग्रंथाने या शिखरास महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात त्याचे योग्य स्थान मिळवून दिले, याबद्दल मतभेद होऊ नये. देवतेच्या दाक्षिणात्य संबंधाविषयी त्यांनी मांडलेला पुरावा वजनदार आहे. होयसळ सोमेश्वराचा १२३७ चा लेख पंढरपुरास मिळालेला आहे; तेव्हा त्या काळी भीमेच्या खोऱ्यापर्यंत कर्नाटकातील राजवंशांची ये-जा होती, यात संशय नाही.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र मतभेद नोंदविणे भाषाभ्यासकाचे कर्तव्य आहे. कन्नडात आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला, म्हणून पोय्सळ आणि होय्सळ ही दोन्ही रूपे मिळतात. परंतु मराठीने ‘प’ घेतला असता तो ‘प’च राहता, ‘ह’ घेतला असता ‘ह’च राहता. त्यांतून ‘भ’ निर्माण होण्यास मराठीत नियम नाही. दुसरे असे की, ‘ळ’ हा ध्वनी मराठीस परका नाही. कन्नड ‘ळ’ मराठीत आला असता ‘ळ’ म्हणूनच आला असता, आणि आडनाव ‘भोसळे’ झाले असते. ते सर्वत्र ‘भोसले’ आहे. तिसरे, जुन्या लेखनात ‘भोंसले’ असे सानुनासिक रूप वारंवार येते. त्या अनुनासिकाचा उलगडा होयसळावरून होत नाही. हे तीनही आक्षेप एकत्र आले असता ही व्युत्पत्ती ध्वनिशास्त्राच्या आधारावर उभी राहत नाही. वंशसंबंध दुसऱ्या पुराव्याने सिद्ध होऊ शकेल. नावाच्या साम्यावर मात्र त्याचा भार टाकता येणार नाही. परमानंदाने या नावाचे संस्कृत रूप ‘भृशबल’ असे केले. तीही पंडिती व्युत्पत्तीच होय, आणि ती ‘शृंगणापूर’च्याच पंगतीत बसणारी आहे.

बळिपाविषयीही एक सूचना करावीशी वाटते. डोंगराच्या उतारावर अमृतेश्वराचे देऊळ आहे; त्यास लोक बळीचे देऊळ म्हणतात. मराठी ग्रामीण मनात ‘बळी’ या शब्दास बळीराजाचा जो अर्थ आहे, तो बाजूस सारून केवळ एका सरदाराच्या नावाकडे जाणे घाईचे होईल. कदाचित दोन बळी येथे एक झाले असतील. विस्मृत पुरुषाचे नाव सर्वपरिचित नावात मुरून जाणे हे स्थलनामांच्या इतिहासात नित्याचेच आहे.

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात या डोंगराचे दुसरे रूप दिसते. कडे, घळी आणि अडचणीच्या वाटा यांमुळे तो लपण्याची जागा होता; आणि जो लपू शकतो तो गाठलाही जाऊ शकतो. जून १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपडे, धनाजी जाधवांशी झालेल्या संघर्षानंतर, याच डोंगरांत मारले गेले. म्हसवडच्या नागोजी माने याने त्यांस मारले. नागोजीच्या पत्नीचा भाऊ अमृतराव निंबाळकर यास संताजींनी हत्तीच्या पायी दिले होते. त्याचा हा सूड होता, असे समकालीन फारसी वृत्तांतांत सांगितले आहे. ओढ्यावर स्नान करीत असता संताजी सापडले ही हकीकत खाफीखानाने दिलेली आहे, आणि स्थानिक परंपरा ही जागा शिखराजवळील कारखेल येथे दाखविते. ज्या घराण्यांची नावे या प्रसंगी येतात, ती पाहावीत : माने, निंबाळकर, जाधव, घोरपडे. हे एका मुलखातील सोयऱ्याधायऱ्यांचे वैर होते, आणि मोगलांशी चाललेल्या युद्धाने त्यास फक्त संधी दिली.

यात्रेकडे वळण्यापूर्वी आणखी एका शब्दाचा निर्देश करावा लागेल. ब्रिटिश अमदानीत सध्याच्या बारामती व दौंड तालुक्यांचा प्रदेश ‘भीमथडी’ या नावाने ओळखला जाई. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. येथील घोडी ‘भीमथडी तट्टे’ म्हणून प्रसिद्ध होती आणि मराठ्यांच्या घोडदळास ती उपयोगी पडली. मुलखाचे नाव नदीच्या काठावरून आणि पलीकडील रांगेचे नाव डोंगरावरील देवावरून, असे हे शेजार आहे. थडीचा माणूस शिखराकडे पाहतो तेव्हा तो आपल्या भूमीत नसलेल्या वस्तूकडे पाहतो.

चैत्र शुद्ध पक्षात शिखरावर शंकर-पार्वतीच्या विवाहाचा उत्सव होतो. पंचमीस हळद, अष्टमीस विवाह. शंभुमहादेवाच्या देवळाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांब पागोटे बांधले जाते, त्यास ध्वज म्हणतात. द्वादशीस कावडी चढतात. कावड हा शब्द कन्नड व तमिळ या भाषांतही ‘कावडि’ या रूपात आहे. खांद्यावर आडवा दांडा, दोन्ही टोकांस पाण्याची भांडी, ही वस्तू आणि तिचे नाव ही दख्खनची सामाईक मालमत्ता दिसते. कावडींत सासवडची, भुतोजी तेली यांच्या परंपरेतील कावड मानाची समजतात. कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटाची उभी चढण ती माणसांच्या साखळीने चढविली जाते. घाटाचे नाव मुंग्यांप्रमाणे रांगेने चढावे लागते म्हणून पडले, असा लोकांचा समज आहे. तो समज मागाहूनचा असेल, पण वर्णन म्हणून त्यात काही चुकीचे नाही.

सासवडची कावड कऱ्हेचे पाणी नेते. हीच कऱ्हा जेजुरी, मोरगावजवळून वाहत बारामतीस येते आणि पुढे नीरेस मिळते. नदीच्या वाटेने खाली येणारे पाणी नीरेत जाते. खांद्यावरून येणारे त्याच नदीचे पाणी नीरा ओलांडून डोंगर चढते. चैत्रात कोरड्या कातळावर पाणी वाहून नेण्याचा विधी आणि मालोजीराजांचे तळे या दोहोंच्या मुळाशी एकच उणीव आहे.

घाट चढताना लोक देवास ‘म्हाद्या’ म्हणून हाक मारतात, आणि तो धावून यावा अशी विनवणी करतात. ‘महादेव’मधील ‘मह’ हे दोन वर्ण मिळून ‘म्ह’ होणे, आणि नावाच्या पहिल्या भागास ‘या’ प्रत्यय लागून घरगुती रूप बनणे, हे दोन्ही मराठी बोलींचे नेहमीचे व्यापार आहेत. गणपतचे गण्या होते तसेच. भुतोजीचे ‘भुत्या’ही याच रीतीने झाले, आणि सासवडची कावड लोकांच्या तोंडी ‘तेल्या भुत्याची कावड’ झाली. (भवानीच्या भक्तास भुत्या म्हणतात तो शब्द निराळा, येथे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात एकत्र येत असावेत.) देव आणि त्याचा कावडकरी या दोघांस एकाच प्रत्ययाने हाक मारली जाते. संस्कृत स्तोत्रांत ज्यास शंभु, महेश, त्रिपुरारि म्हटले जाते, त्यास येथे बरोबरीच्या गड्याप्रमाणे अरे-तुरे केले जाते. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करताना भक्त व देव यांच्यातील ही सलगी याच टापूत नोंदविली होती. शंभुमहादेवाच्या डोंगरांत मेंढरे चारणाऱ्या धनगरांची वहिवाट पाहता, यात्रेच्या भाषेवर त्यांच्या बोलीचा संस्कार झाला असल्यास नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे धरण व नीरेचा डावा कालवा झाला, आणि नीरेच्या उत्तरेकडील मुलखाचे रूप पालटले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. ज्या सपाटीवर ज्वारी आणि माळ होता, तेथे उसाचे फड आले. कावडी पूर्वीप्रमाणे निघत राहिल्या. पण त्यांच्या वाटा डांबरी सडकांनी बदलल्या, आणि जुन्या पाणंदीवरील मुक्कामांची, उतारांची व विसाव्यांची नावे लोकांच्या तोंडून जाऊ लागली. नीरेच्या उतारांची ही नावे कोणत्याही गॅझेटिअरात नाहीत. ती कावडीबरोबर चालणाऱ्या वृद्ध माणसांकडे आहेत, आणि ती गोळा करावयाची तर पुणे, सोलापूर व सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील गावे एकाच फेरीत, द्वादशीपूर्वीच्या आठवड्यात, पायी फिरावी लागतील.